तिजोरीची दुसरी किल्ली

आमच्या घरी बसवण्णांची ओळख आधी भांडारी म्हणून झाली, महात्मा म्हणून नंतर. अहमदपूरच्या जुन्या गावात वडिलांचं किराणा दुकान होतं. सकाळी आंघोळ करून, भस्म लावून, डाव्या तळहातावर इष्टलिंग घेऊन ते पूजा करत आणि मगच दुकानाच्या फळ्या काढत. रात्री वही लिहिताना चार आण्यांचा मेळ बसला नाही तरी जेवायला उठत नसत. आम्ही पोरं हाका मारून दमलो की म्हणत, बसवण्णा बिज्जळ राजाचा खजिना सांभाळायचे. लोकांनी राजाचे कान भरले, सरकारी पैसा शरणांवर, म्हणजे आपल्या पंथाच्या माणसांवर, उधळतात म्हणून. दरबारानं हिशेब तपासला आणि तो बिनचूक निघाला. त्या दिवशी हिशेब चुकला असता तर त्यांचं पुढचं बोलणं कोणी ऐकलं असतं?

मंगळवेढ्याला बिज्जळाच्या पदरी हिशेबनीस म्हणून सुरुवात आणि पुढे कल्याणला मुख्य भांडारी, असा बसवण्णांचा नोकरीतला प्रवास परंपरा सांगते. कल्याण म्हणजे आजचं बसवकल्याण. निलंग्याच्या पुढे कर्नाटकाची हद्द ओलांडली की ते येतं. १९५६ पर्यंत ते गाव आणि आमचं गाव एकाच हैदराबाद राज्यात होतं. म्हणून बाराव्या शतकातल्या त्या माणसांच्या गोष्टी आमच्याकडे शेजारच्या घरातल्या असाव्यात तशा सांगितल्या जातात. अहमदपूरला त्यात आणखी एक कारण आहे. डॉ. शिवलिंग शिवाचार्य महाराजांच्या नावापुढे 'अहमदपूरकर' लागायचं. डॉक्टरकी शिकलेले हे लिंगायत धर्मगुरू शंभरी ओलांडून १ सप्टेंबर २०२० रोजी गेले, तेव्हा ज्या घरांत लिंगपूजा नाही त्या घरांतही चूल उशिरा पेटली. वडील दरवर्षी कार्तिकी पौर्णिमेला संत मन्मथस्वामींच्या दर्शनाला कपिलधारला जात. येताना पाय सुजलेले असत आणि पिशवीत 'परमरहस्य'ची पोथी.

माझा प्रश्न याच वातावरणातून आला आणि नोकरीत तो टोकदार झाला. एकीकडे बसवण्णांचं पद बघा. राजाच्या खालोखाल मान, हाताखाली कितीतरी माणसं, शब्द टाकला की सोनं हलायचं. दुसरीकडे त्यांची शिकवण अशी की पादत्राणं शिवणारा, कपडे धुणारा, नाव वल्हवणारा, रस्ता झाडणारी बाई आणि राजाचा मंत्री यांच्या कामांत वरचं-खालचं नाही. प्रत्येकाच्या छातीवर तेच लिंग. मधे पुजारी नाही, दलाल नाही. मग हुकूम कोणी कोणाला द्यायचा, आणि कोणत्या अधिकारानं? समतेवर मनापासून श्रद्धा असलेल्या माणसानं साहेबाच्या खुर्चीवर बसावं तरी कसं?

माझी सगळी नोकरी बँकेत गेली. कारकून म्हणून लागले, बरीच वर्षं रोखपाल होते, मग हेड कॅशिअर, आणि शेवटी एका लहान शाखेची व्यवस्थापक. बदल्या झाल्या त्या अहमदपूर, चाकूर, लोहा, कंधार याच पट्ट्यात. म्हणजे नेतृत्व नावाची गोष्ट मी बहुतेक काळ खालून पाहिली. वरून पाहणाऱ्यांनी तिच्यावर पुष्कळ लिहिलं आहे. प्रशिक्षणाला बोलावलं की पडद्यावर 'सर्व्हंट लीडर' असं मोठ्या अक्षरांत यायचं. ही कल्पना रॉबर्ट ग्रीनलीफ या अमेरिकन गृहस्थांची. टेलिफोन कंपनीत जन्म काढून त्यांनी १९७० साली त्यावर निबंध लिहिला. नेत्यानं आधी सेवक असावं, हे त्यांचं म्हणणं मला पटतं. पण शिकवणारे तिथेच थांबायचे. मी तुमचा सेवक आहे असं कोणीही म्हणू शकतं, आणि आपल्याकडे दर पाच वर्षांनी म्हटलं जातं. त्या सेवकाला अडवण्याची सोय काय, तो चुकला तर त्याला दंड कोण करणार, हे मला कोणत्याच प्रशिक्षणात ऐकायला मिळालं नाही. ते मला लक्कम्मांनी शिकवलं.

आयदक्की मारय्या आणि लक्कम्मा हे जोडपं कल्याणला राहायचं. बसवण्णांच्या घरी रोज असंख्य शरणांची पंगत बसे. त्या अंगणात सांडलेले तांदळाचे दाणे वेचायचे आणि त्यांवर स्वतःचं पोट आणि दासोह, म्हणजे इतरांना जेवू घालणं, दोन्ही चालवायचं, हे मारय्यांचं कायक, म्हणजे पूजेसारखं मानलेलं काम. बसवण्णांना या गरीब माणसाची कणव आली आणि एके दिवशी त्यांनी मुद्दाम जरा जास्त तांदूळ सांडून ठेवले. मारय्या आनंदानं घरी आले. लक्कम्मांनी दाणे पाहिले आणि विचारलं, आज एवढे कुठून? आपल्याला लागतात त्याहून हे जास्त आहेत, जिथले तिथे टाकून या. मारय्या परत गेले आणि टाकून आले.

ही गोष्ट लोभावरच्या उपदेशासाठी सांगतात. मला तिच्यात दुसरंच काही दिसतं. बसवण्णांनी केलं ते वाईट नव्हतं. चांगल्या मनाच्या साहेबानं गुपचूप केलेली मेहरबानी होती. आणि त्या सगळ्या व्यवस्थेतल्या सर्वांत खालच्या पायरीवरच्या बाईनं ती परत पाठवली. राज्याच्या भांडाऱ्याला तांदूळ वेचणाऱ्या घरानं दुरुस्त केलं, आणि शरणांनी ही गोष्ट झाकून ठेवली नाही. उलट त्यात बसवण्णांचा मोठेपणा आहे असं समजून आठशे वर्षं सांगत आले.

नुलिय चंदय्यांची गोष्ट तर आणखी पुढची. गवत कापून त्याचे दोर वळायचे, हे त्यांचं काम. गवत कापताना गळ्यातलं इष्टलिंग सुटून तळ्यात पडलं, तरी ते उचलायला थांबले नाहीत. कायक लिंगालाही चुकलेलं नाही, अशी त्यांची धारणा. शेवटी शरण मडिवाळ माचय्यांनी मध्यस्थी केली आणि लिंगाला चंदय्यांचा दोर विकण्याचं काम पत्करावं लागलं. तो दोर बसवण्णांच्या दारी गेला. बसवण्णांनी त्याबद्दल हजार सोन्याची नाणी दिली. चंदय्या खूश व्हायच्या ऐवजी रागावले: दोराचं जे मोल होतं तेवढंच द्यायचं होतं.

देवालाही कामाला लावणारा धर्म जगात फार ठिकाणी नसावा. यातून मला माझ्या प्रश्नाचं अर्धं उत्तर मिळालं. शरणांच्या लेखी गुरू असो, लिंग असो की जंगम, सगळे कायकाच्या खाली. म्हणजे खुर्चीवरचा माणूस आणि दारातला शिपाई हे एकमेकांचे मालक-नोकर नाहीतच. दोघे तिसऱ्याच कोणाचे तरी बांधील आहेत. हुकूम माणसाचा नसतो, कामाचा असतो. व्यवस्थापक तो पोथीसारखा मोठ्यानं वाचून दाखवतो, आणि वाचताना ओळ चुकली तर समोर बसलेल्या कोणालाही त्याला थांबवता आलं पाहिजे. शरणांच्या धर्मसभेच्या, म्हणजे अनुभवमंटपाच्या, रचनेतही हेच आहे. मंटप उभा केला बसवण्णांनी. पण तिथलं सर्वोच्च आसन, ज्याला शून्यसिंहासन म्हणतात, ते दिलं अल्लमप्रभूंना. अल्लम मूळचे मद्दल वाजवणारे. ज्याच्या हाती राज्याचा खजिना, त्यानं धर्मसभेत समोर इतरांबरोबर बसायचं आणि मृदंगवाल्याचा निर्णय ऐकायचा.

बँकेतही याच्या तोलामोलाची एक व्यवस्था आहे, आणि ती कोणत्या धर्मग्रंथातून आलेली नाही. रोकड ठेवायच्या तिजोरीला दोन किल्ल्या असतात. एक हेड कॅशिअरकडे, दुसरी अधिकाऱ्याकडे. एकट्याच्या किल्लीनं ती उघडत नाही, मग तो व्यवस्थापक का असेना. संगणकावरही तसंच: नोंद एकानं करायची, मंजुरी दुसऱ्यानं द्यायची. शिवाय जोखमीच्या जागेवरच्या माणसाला सक्तीची रजा असते. २०२१ साली रिझर्व्ह बँकेनं नेमकं सांगितलं की वर्षातून किमान १० कामकाजाचे दिवस, सलग, आणि तीही आधी न कळवता. त्या काळात त्याची खुर्ची रिकामी राहते आणि दुसरा कोणी त्याचे कागद चाळतो. हे नियम फसवणुकीच्या भीतीपोटी झाले, मला ठाऊक आहे. तरी वर्षानुवर्षं ती किल्ली कमरेला लावून मी सांगते, त्यांच्या पोटात एक मोठी आध्यात्मिक समज आहे. माणूस कितीही सज्जन असो, तो एकटा पुरेसा नाही.

नोव्हेंबर २०१६ मध्ये याचा कस लागला. ८ तारखेच्या रात्री पाचशे-हजाराच्या नोटा रद्द झाल्या आणि १० तारखेला बँका उघडल्या तेव्हा शाखेच्या दारापासून रस्त्याच्या वळणापर्यंत रांग होती. सोयाबीन विकून हातात आलेल्या जुन्या नोटा, समोर हरभरा-ज्वारीची पेरणी, आणि बदलून मिळणार माणशी चार हजार. शनिवार-रविवारीही काउंटर चालू ठेवले. सोमवारी गुरुनानक जयंती, म्हणजे कार्तिकी पौर्णिमा. वडील गेल्यापासून कपिलधारच्या वारीच्या दिवशी मी घरी एखादा अध्याय वाचते, त्या वर्षी पोथी उघडण्याचं त्राण राहिलं नव्हतं. पैसा वरून मोजका यायचा. दुपारी संपला की रांगेतल्या माणसांना परत पाठवावं लागे, आणि त्यांत पहाटे चारला खेड्यातून निघालेल्या बायका असत.

अशाच एका संध्याकाळी, शटर अर्धं खाली आल्यावर, आमच्या साहेबांना फोन आला. मी गाव आणि शाखा सांगत नाही. साहेब मला म्हणाले, मॅडम, उद्यासाठी ठेवलेल्या नोटांतली काही बंडलं बाजूला काढायची आहेत, एक पार्टी येतेय, किल्ली आणा. साहेब भ्रष्ट नव्हते. वरून दडपण आलं होतं, आणि ते तीन रात्री नीट झोपले नव्हते. मी म्हटलं, साहेब, लेखी द्या.

सरकारी-निमसरकारी नोकरीत हे दोन शब्द किती जड आहेत, हे ज्यांनी नोकरी केली त्यांना सांगायला नको. साहेब माझ्याकडे बघत राहिले. आमचे शिपाईमामा कोपऱ्यात फायली बांधत होते; ते माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाले, "मॅडम, कशाला नडायलाव? बदली व्हईल की." साहेबांनी लेखी दिलं नाही. किल्ली माझ्या कमरेलाच राहिली. ते न बोलता निघून गेले, आणि त्यांचा राग मला कळत होता.

दुसऱ्या दिवशी ती पार्टी आली आणि थेट माझ्या काउंटरवर येऊन आवाज चढवून बोलू लागली, की या बाईनं काम अडवलं. साहेब केबिनमधून बाहेर आले. भरल्या शाखेत, रांगेतल्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "बाईंनी नाही, मी नाही म्हणालोय. बोलायचं ते माझ्याशी बोला." ती माणसं पुढे कुठे कुठे तक्रार करत राहिली. बदली झाली, ती साहेबांची, लांब.

त्यांच्या त्या एका वाक्यात मी नेतृत्वाबद्दल जे शिकले ते नंतर कोणी शिकवू शकलं नाही. त्यात दोन गोष्टी आहेत. आदल्या संध्याकाळी त्यांनी स्वतःला थांबवू दिलं. ते सोपं नव्हतं, कारण हाताखालच्या बाईनं थांबवलं होतं. आणि सकाळी, तो नकार आपल्या नावावर घेऊन त्याची किंमत त्यांनी स्वतः भरली. पहिली गोष्ट नियमानं घडवता येते, दोन किल्ल्या आहेतच. दुसरीला नियम नाही. तिथे धर्म लागतो.

याउलट एका शाखेत असे साहेब पाहिले की त्यांच्यासमोर कोणी चूक बोलतच नसे. रात्री दहाला व्हॉट्सॲपवर आकडे मागायचे, पीककर्जाबरोबर विमा गळ्यात मारा म्हणायचे, आणि सकाळी सगळ्यांसमोर एकाचा पाणउतारा. तिथे कागदोपत्री सगळं छान होतं. एमी एडमंडसन या संशोधक बाईंनी १९९० च्या दशकात अमेरिकेतल्या रुग्णालयांत औषधं देताना होणाऱ्या चुका मोजल्या. त्यांना वाटलं होतं, चांगल्या तुकड्यांत चुका कमी सापडतील, सापडल्या जास्त. कारण त्या तुकड्यांतल्या परिचारिका चूक झाली की बोलत होत्या, बाकीच्या ठिकाणी ती गिळली जात होती. हे वाचलं तेव्हा मला त्या शाखेतली शांतता आठवली.

नांदेड आमच्यापासून फार लांब नाही, आणि या विषयावरचं सर्वांत धीट उत्तर मला तिथेच सापडतं. १६९९ च्या वैशाखीला आनंदपूरला गुरू गोविंदसिंहांनी पाच जणांना अमृत दिलं आणि खालसा उभा केला. त्या पाचांतले एक, भाई साहिबसिंह, आपल्या शेजारच्या बिदरचे, व्यवसायानं केशकर्तन करणारे. अमृत दिल्यावर गुरूंनी त्याच पाचांसमोर हात जोडले आणि त्यांच्याकडून स्वतः अमृत घेतलं. आपण घडवलेल्या शिष्यांचे शिष्य झाले. पुढे दक्षिणेकडे येताना वाटेत त्यांनी संत दादूंच्या समाधीला बाण झुकवून वंदन केलं, तेव्हा समाधी न पूजण्याचा नियम मोडला म्हणून बरोबरच्या शिखांनी त्यांना दंड ठोठावला, आणि त्यांनी तो आनंदानं भरला, कारण शिष्य जागे आहेत का हेच त्यांना बघायचं होतं, असं परंपरा सांगते. आणि ऑक्टोबर १७०८ मध्ये, गोदाकाठी नांदेडला, देह ठेवण्यापूर्वी त्यांनी गुरुपद कोणा माणसाला दिलं नाही, ग्रंथाला दिलं. ज्या ग्रंथात आपल्या नरसीच्या नामदेवांची पदं आहेत, त्या ग्रंथाला. तख्त सचखंड हुजूर साहिबला मी अनेकदा जाते. मला तिथे हीच गोष्ट भारून टाकते, की सर्वोच्च जागा माणसासाठी बंद करून ठेवण्याचं धैर्य या मातीत कोणीतरी दाखवलं.

माझी भाची पुण्याला हिंजवडीत सॉफ्टवेअर कंपनीत आहे. टीम लीड झाल्यावर तिचा फोन आला. म्हणाली, मावशी, सगळी टीम माझ्या वयाची, कालपर्यंत एकत्र चहा प्यायचो, आता यांना काम कसं सांगू? मी तिला हरळय्यांच्या जोड्यांची गोष्ट सांगितली.

हरळय्या चर्मकार होते. रस्त्यात बसवण्णा दिसले तेव्हा त्यांनी 'शरणु' म्हणून नमस्कार केला. बसवण्णांनी उत्तरात 'शरणु शरणार्थी' म्हटलं, म्हणजे एका नमस्काराला दोन केले. एवढ्या मोठ्या माणसाचं हे ऋण कसं फेडावं या विचारानं हरळय्या आणि त्यांच्या पत्नी कल्याणम्मा बेचैन झाले, आणि दोघांनी स्वतःच्या मांडीचं कातडं काढून त्याचे जोडे शिवले. बसवण्णांनी ते पायात घातले नाहीत. डोक्यावर घेतले आणि परत दिले. आमच्याकडे आजही लिंगायत घरांत भेटल्यावर 'शरणार्थ' म्हणतात. म्हणणाऱ्याला त्यामागचं हे कातडं ठाऊक असतंच असं नाही.

भाची क्षणभर गप्प झाली. मी म्हटलं, बघ, वरच्याचा एक चांगला शब्द खालच्यावर किती भारी पडतो. तू सहज 'छान केलंस' म्हणशील आणि तुझ्या टीममधलं एखादं पोर त्या शब्दासाठी शनिवार-रविवार जागून काढेल, अंगाचं कातडं काढून देईल. ते पायात घालू नकोस. परत दे. घरी जा म्हणून सांग. माणसं राबवून घेणाऱ्या वाईट साहेबांबद्दल सगळे बोलतात. चांगल्या साहेबावर जीव टाकून माणसं स्वतःच राबतात आणि साहेबाला ते गोड वाटतं, याबद्दल फारसं कोणी बोलत नाही. मला हा धोका जास्त मोठा वाटतो.

पण याच हरळय्यांमुळे माझं वडिलांशी कधी पटलं नाही. हरळय्यांचा मुलगा आणि ब्राह्मण कुळातले शरण मधुवरस यांची मुलगी यांचं लग्न कल्याणात ठरलं, बसवण्णांच्या छायेत. सनातन्यांनी बिज्जळाला भडकवलं. शिक्षा झाली ती हरळय्या आणि मधुवरस यांना: हत्तीच्या पायाला बांधून फरफटत नेलं. बसवण्णा कुडलसंगमाला निघून गेले, बिज्जळाचा खून झाला, शरण देशोधडीला लागले, अनुभवमंटप उठला. मी वडिलांना विचारायचे, विचार बसवण्णांचा आणि देह हरळय्यांचा, हे कसं? माझ्या साहेबांनी एक बदली अंगावर घेतली. एवढ्या मोठ्या महात्म्याच्या विचाराची किंमत मात्र जोडे शिवणाऱ्यानं का भरावी?

वडील पहिल्यांदा म्हणायचे, बसवण्णांनी भांडारीपद सोडलं, सगळं सोडलं. मला ते पुरेसं वाटत नसे. पद सोडणं आणि हत्तीच्या पायाखाली जाणं यांची बरोबरी होत नाही. एकदा मात्र ते चिडून बोलले, आणि त्याला माझ्याकडे आजही पुरतं उत्तर नाही. म्हणाले, "तू हरळय्यांना लहान लेकरू समजतीस का? लग्न त्यांनी ठरवलं. त्यांच्या पोराचं होतं. बसवण्णांनी त्यांना नको म्हणायला पाहिजे होतं का, तुम्ही खालचे, तुम्हाला झेपणार नाही म्हणून? मग समता कुठं राहिली?"

हे बोलणं माझ्या मनात फार खोल गेलं. खालच्याला जपायचं म्हणून त्याच्या वतीनं घाबरायचं, त्याचे निर्णय आपण घ्यायचे, ही सुद्धा सत्ताच. किती साहेबांना मी हे करताना पाहिलं आहे: बायकांना रात्रीचं काम नको, शिपायाच्या पोराला एवढं कर्ज कशाला, याला प्रमोशन दिलं तर गोंधळेल. सगळं काळजीपोटी. वडिलांचा मुद्दा हा होता की हरळय्यांना मरणाचाही अधिकार बसवण्णांच्या बरोबरीनं होता. मला तो मुद्दा मान्य आहे आणि तरीही रात्री कधी तरी आठवलं की मी हरळय्यांच्याच बाजूनं रडते. दोन्ही खरं आहे. खालच्याला त्याचा निर्णय घेऊ द्यायचा, आणि त्या निर्णयाचा मार पडेल तेव्हा जेवढा आपल्या अंगावर घेता येईल तेवढा घ्यायचा. कल्याणात राजा मधे आला आणि दुसरं साधलं नाही. आपल्या कचेऱ्यांत हत्ती नाहीत. रेटिंग आहे, बदली आहे, थांबलेली बढती आहे. ती अंगावर घेणं माणसाच्या आवाक्यात आहे, म्हणून न घेण्याला सबबही नाही.

भाचीनं तिच्या टीममध्ये दुसरी किल्ली बसवली. तिनं सगळ्यांसमोर सांगितलं की कोड बाहेर जाण्याआधी चाचणी करणाऱ्या मुलीनं 'थांबा' म्हटलं तर तो जाणार नाही, मग मी स्वतः 'जाऊ दे' म्हटलं तरी. ही मुलगी टीममध्ये सर्वांत नवी. खेड्यातून आलेली, मीटिंगमध्ये इंग्रजी बोलताना अडखळणारी. काही आठवड्यांनी एका शुक्रवारी संध्याकाळी तिनं 'थांबा' म्हटलं. परदेशातले ग्राहक चिडले, भाचीचे वरिष्ठ त्याहून चिडले, आणि विचारणा झाली की हे अडवलं कोणी. भाचीनं उत्तर पाठवलं त्यात त्या मुलीचं नाव नव्हतं. निर्णय माझा, एवढंच होतं. सोमवारी दोष सापडला, दुरुस्त झाला, पण उशीर तो झालाच, आणि मार्चमध्ये भाचीचं रेटिंग एका पायरीनं उतरलं. त्या मुलीचं नाही. फोनवर भाची मला म्हणाली की तिला वाईट वाटतंय, घराचा हप्ता वाढलाय आणि यंदा बढती धरून चालली होती. मी तिची समजूत काढली नाही. तिचं नुकसान खरं होतं. मी विचारलं, त्या मुलीचा तो अधिकार अजून आहे का? म्हणाली, हो, मागच्या आठवड्यात तिनं पुन्हा एकदा थांबवलं.